छपराखालचा वारा

घरात तिला ताई म्हणत, ऑफिसातही ताईच. इमारती, पूल, छपरं यांच्यावर वाऱ्याचा जोर किती पडेल, ते ती कॉम्प्युटरवर काढायची. धाकटा भाऊ गट्टू मात्र बाबांच्या हाताखाली शिकून छपरांवर पत्रे बसवायचा. एका दुपारी बांधकाम चालू असलेल्या गोदामाचा पत्रा सोसाट्याच्या वाऱ्यानं उचलला आणि त्यावर उभा असलेला गट्टूही पत्र्यासकट खाली आला. जागीच गेला.

बाबांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. भेटायला येईल त्याला ऐकवायचे, "एका कडेचे स्क्रू आवळायचे राहिले होते म्हणे. माझ्या हाताखाली शिकून असला गलथानपणा! नाक कापलं माझं." आई उठून आत जायची.

ताईला ते ऐकवेना. सुट्टीच्या दिवशी ती ऑफिसात जाऊन बसली. ते छप्पर तिनं कॉम्प्युटरवर उभं केलं, त्या दुपारचा वारा त्यावर सोडला. मग पत्र्याच्या प्रत्येक बारीक तुकड्यावरचा दाब आणि घर्षण घेऊन दिशेसकट बेरीज केली. वाऱ्याबरोबर मागे रेटणारा जोर बेताचाच निघाला. वर उचलणारा मात्र पत्रा आणि गट्टू, दोघांच्या वजनाच्या तिप्पट! खालच्या बाजूची अधिक-उण्याची चिन्हं उलटी धरली की काय, म्हणून तिनं पुन्हा तपासलं. तेच. सगळे स्क्रू आवळलेले धरले, तरी ते तग धरत नव्हते.

घरी आली तेव्हा बाबा पायरीवर बसून पान्हे पुसत होते.

"बाबा, त्याची चूक नव्हती. स्क्रू आवळले असते तरी पत्रा गेलाच असता."

"तुझ्या मशीनला काय कळतंय?"

"गोदामाला अजून भिंती नव्हत्या, बाबा. वारा वरून ओढत होता, खालून ढकलत होता. तिथं तुम्ही असता तरी हेच झालं असतं."

बाबांनी पान्हा खाली ठेवला. "म्हणजे पोरगं नीट काम करत होतं."

"हो."

"आणि मी त्याला मेल्यावरही शिव्या घालत बसलो." त्यांना हुंदका फुटला. "कशाला सांगितलंस गं? त्या रागावरच तर उभा होतो मी."

आई धावत बाहेर आली. लहान मुलासारखे हमसून हमसून रडणारे बाबा तिनंही पहिल्यांदाच पाहिले.

त्यानंतर ते गट्टूबद्दल वावगा शब्द बोलले नाहीत. फारसे कशाबद्दलच बोलले नाहीत. ताई कामावरून आली की त्यांच्याशेजारी नुसती बसून राहायची. एकदा त्यांनीच विचारलं, "पत्रा सुटला तेव्हा त्याला कळलं असेल का गं?"

"नाही, बाबा," ती म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेतला.