तात्याला खालून धरायचं

शालन गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्या कासवाला, तात्याला, खाणं टाकत होतो. दवाखान्यातून मेहुण्याचा, दिनकरचा फोन आला. "दाजी, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी डबीचं झाकण लावलं आणि चपला घातल्या. पुढचं नीट आठवत नाही.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दिनकर म्हणाला, "दाजी, ताईचा जीव त्या कासवात अडकलाय. शब्द द्या तिला." मी हात जोडले. "तुझ्या तात्याला मी तुझ्यासारखाच सांभाळीन," म्हणालो. कावळा लगेच उतरला.

त्याला महिना झाला. मी वरून खाणं टाकतो, बाकी काही करत नाही. चार दिवस झाले, तात्या खात नाही.

आता दुपार आहे. जेवून कॉटवर आडवा झालोय. तात्याच्या काचेच्या टाकीतला पंप घरघरतोय. डोळे मिटतात, घरघर जवळ येते. पाहतो तर मी मोरीच्या उंबऱ्यावर उभा आहे. आत शालन पाटावर बसली आहे. पुढ्यात परात, परातीत तात्या.

"पाणी कुठलं घातलंत त्याला?" ती मान वर न करता विचारते.

"नळाचं."

"लगेच? दिवसभर बादलीत ठेवून मग घालायचं. किती वेळा सांगितलंय?"

"विसरलो."

"विसरला नाहीत. घाण वाटते तुम्हाला."

मी मान खाली घालतो. ती तात्याला म्हणते, "बघ रे, तुझ्यासारखेच आहेत. काही बोललं की मान आत."

मोरीला भिंत नाही. पलीकडे दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. बाकांवर माणसं बसलीत, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. फरशीवर घोटाभर पाणी आहे. शालन तशीच पाटावर.

"उचला त्याला."

मी वरून हात घालतो. तात्या पाय आत ओढतो.

"अहो, वरून नाही! वरून काही आलं की त्याला कावळा वाटतो. बाजूनं या. बोटं दोन्हीकडे, तळवा पोटाखाली. पायाला आधार लागतो त्याला."

"शालन, मला भीती वाटते."

"चावेल म्हणून?"

"तुझी."

ती पहिल्यांदा वर पाहते. तिची पापणी खालून वर मिटते, तात्याची मिटते तशी.

पाणी गुडघ्याला लागतं. हा घाट आहे, जिथं दहावं केलं तोच. खालच्या पायऱ्या दिसत नाहीत.

"तुम्ही शब्द दिलात म्हणून मी गेले," ती म्हणते. "तो मोडलात तर मला परत यावं लागेल. आणि मग जाताना मी एकटी जाणार नाही."

"तात्याला नेशील?"

ती माझं मनगट धरते. हात गार आहे. माझा तळवा उलटा करून त्यावर तात्याला ठेवते. तो वाटला होता त्याहून जड आहे. पाय मारतो, नखं रुततात.

"धरा," ती म्हणते. "सोडू नका."

मी जागा होतो. ऊन कॉटवर आलंय. टाकीचं झाकण बंद आहे. तात्या दगडावर बसून माझ्याकडे पाहतोय.

उजवा तळवा झोंबतो. त्यावर पाच बारीक ओरखडे आहेत, एकातून रक्त आलंय.

तात्याला घरी आणून चार वर्षं झाली. मी त्याला अजून एकदाही हातात घेतलेलं नाही.