वकील आप्पांचे निरोप

आमच्या आप्पांना आमची सगळी खासबाग पेठ 'वकील' म्हणायची, आणि त्यापायी आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी बांधाचं भांडण घेऊन दारात उभं असायचं. "मी कोर्टातला न्हवं रं बाबा, संस्थानचा वकील," असं आप्पा दहादा सांगायचे. माणूस 'व्हय व्हय' म्हणायचा आणि कागद पुढं करायचाच. मग आप्पा त्याला चहा पाजून, त्याच्या बैलांची चौकशी करून वाटेला लावायचे. जाणाऱ्याला वाटायचं, काम झालं. आई आतनं म्हणायची, "कुणाला न्हाय म्हणाय शिका की जरा!" ते काही आप्पांना जमलं नाही.

संस्थानचा वकील म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळत नाही. राजाच्या वतीनं गोऱ्या साहेबाच्या कचेरीत जायचं, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगायचं. आमचं संस्थान एवढंसं, नकाशावर माशी बसली तर सगळं झाकून जाईल. पण राजाचा ताठा मोठा आणि साहेबाचा त्याहून मोठा. त्या दोघांच्या मधे आमचे तम्मण्णा आप्पा सत्तावीस वर्षं उभे होते, १९०९ पासून ३६ पर्यंत.

विणकराचं पोर तिथं पोचलं कसं म्हणाल, तर जिभेच्या जोरावर. आजोबांच्या पाठीवर साड्यांचं गाठोडं आणि मागं आप्पा, असे ते राजवाड्यात साड्या दाखवायला जायचे. राणीसाहेब कानडी, आजोबांना कानडी धड येईना. मधे आप्पा. घासाघीस झाली की दोन्हीकडं वाटायचं आपणच जिंकलो. दिवाणानं हे बघितलं, इंग्रजी शाळेत घातलं, पुढं कारकून केलं, मग दुभाषी, मग वकील.

त्या काळातली एक गोष्ट आप्पा हसत हसत सांगायचे. साहेब एकदा संतापला, म्हणाला, त्या थेरड्या मूर्खाला सांग मी तुझा नोकर नाही. आप्पांनी राजाला सांगितलं, "साहेबांना महाराजांच्या वयाचा फार आदर वाटतो." राजा म्हणाला, त्या लाल तोंडाच्या माकडाला सांग, गेलास उडत. आप्पांनी साहेबाला सांगितलं, "महाराज काळजी करतात, आपल्याला इथलं ऊन बाधत तर नाही?" दुसऱ्या दिवशी दोघं मिळून शिकारीला गेले. आम्ही तिघं भावंडं ही गोष्ट ऐकून लोळायचो. आप्पांना शाबासकी द्यायचो.

आणि घरात? घरात आले की पितळी बटणांचा कोट खुंटीला, आणि माणूस आईजवळ रहाटावर कांड्या भरायला हजर. साहेबाशी हात मिळवलेला माणूस मांडी घालून सूत गुंडाळतोय! आईला लाज वाटायची, दार लोटून घ्यायची. माझी वेणी मी सासरी जाईपर्यंत आप्पांनी घातली. आक्काला गोवर आला तेव्हा कचेरीत न जाता नऊ दिवस तिच्या उशाशी बसले. असा बाप मी दुसरा बघितला नाही, आणि बापाचं कौतुक म्हणून सांगत नाही, खरंच नाही बघितला.

आम्ही तिघं म्हणजे थोरला नागोजी अण्णा, मधली चंद्राआक्का आणि शेंडेफळ मी, सत्यवती. अण्णानं शहापुरात माग टाकले. आक्का नंदगडला दिली, मी निपाणीला, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरात. आप्पा शाल-नारळ घेऊन घरी बसले आणि दोन वर्षांत आई गेली.

तिथंच सगळं बिघडलं. तार मिळाल्याबरोबर मी निघाले. यमकनमर्डीला सर्व्हिस मोटार बंद पडली. तीन तास मी रस्त्याकडेला दगडावर बसून होते. खासबागेत पोचले तर अंगणात पाणी मारून झालं होतं. आईला नेऊन अग्नी दिलेला. आक्का नंदगडहून वेळेत पोचली होती, तिला आई दिसली. मला नाही.

मी अण्णाची गचांडी तेवढी धरली नाही, बाकी सगळं बोलले. अण्णा म्हणाला, "आक्का म्हणाली न्या म्हणून." आक्का म्हणाली, "मी कुठं म्हटलं? तूच घाई केलीस." तिथं त्या दोघांची जुंपली. मी म्हटलं, दोघंही मला मेलात. तेराव्याला तिघं तीन कोपऱ्यांत जेवलो, आणि त्यानंतर बोलणंच बंद झालं.

आप्पा त्या वेळी एवढंच म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत तिघांनी एकदा एका वळीत बसून जेवावं. मग माझं काय बी होऊ दे." आम्ही आपापल्या वाटेला लागलो.

मग आप्पांच्या खेपा सुरू झाल्या. रेल्वेनं खानापूर, तिथनं बैलगाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर चालत नंदगड. परत येऊन शहापूर. मग मोटारीनं निपाणी. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढावर माणसांनी उतरून ढकलायच्या. सत्तरीला आलेला म्हातारा मोटार ढकलून, काळ्या तोंडानं माझ्या दारात उभा राहायचा. हात-पाय धुतले की म्हणायचा, "अण्णाकडं गेलतो. तुझी लई आठवण काढतोय. म्हणाला, सत्याला थांबाय पायजे होतं, माझं चुकलं."

मी तोंडानं 'असू दे' म्हणायचे. पण त्या दिवशी माझी भाकरी चांगली फुगायची, हे कशाला लपवू? पुढच्या खेपेला आक्काचा निरोप. त्याच्या पुढच्या खेपेला अंजिरी रंगाची साडी, जरीकाठी. "अण्णानं तुझ्यासाठी सोता मागावर बसून विणलीया." मी ती साडी उघडून तोंडाला लावली आणि रडले. आप्पा दुसरीकडं बघत बसले होते.

पाच वर्षं हे चाललं. बसायचे, निरोप सांगायचे, जेवायचे, निघायचे. आम्ही विचारायचो काय, तर अण्णा काय म्हणाला, आक्का काय म्हणाली. घरी एकटे काय खाता, संध्याकाळी कुणाशी बोलता, हे मी एकदाही विचारलं नाही. अण्णा-आक्कानंही नाही, नंतर विचारून घेतलं मी.

त्रेचाळीस साली भाद्रपदात आप्पांनी कळवलं, अविधवा नवमीला तिघंही खासबागेत या, आईच्या नावानं जेवू. तिघंही आलो! आप्पांनी पहाटे उठून सोता खीर केली होती. शेजारच्या मालुबाईला वडे तळायला बसवलं होतं. सोप्यात तीन पाट ओळीनं मांडले होते आणि आप्पा दारातनं पुन्हा पुन्हा त्या पाटांकडं बघत होते. मी मुद्दाम ती अंजिरी साडी नेसून गेले होते.

अण्णा माझ्या शेजारी बसला. हसला. मग त्याची नजर माझ्या पदरावर गेली आणि तिथंच राहिली. पदराचा काठ चिमटीत धरून त्यानं उलटा करून बघितला.

"ही कुणाकडनं घेतलीस गं?"

"असं काय इचारतोस? तूच विणून दिलीस की."

"मी?" अण्णा म्हणाला. "ह्यो काठ माझा न्हवं. ही वडगावच्या यल्लाप्पाची विणाई. त्याच्या काठाला उलट्या अंगानं असं सूत सुटतंय, शहापुरात कुणालाबी इचार."

सत्तावीस वर्षं कोट घालून आप्पा एवढं विसरले होते, की विणकर दुसऱ्याचा हात काठावरनं ओळखतो. नाहीतर असली चूक विणकराचं पोर करतंय होय?

मग काय, एकेक निघत गेलं. आक्का म्हणाली, तू धाडलेलं लोणचं? मी म्हटलं, कसलं लोणचं? अण्णा म्हणाला, माझ्या पोराच्या बारशाला तू आशीर्वाद धाडलास, रडलीस म्हणं? मी कशाला रडते! मला बारसं झालेलं ठाऊक नव्हतं. 'माझं चुकलं' हे तर तिघांपैकी कुणीच, कधीच म्हटलं नव्हतं. पाच वर्षं तो एकटा माणूस तिघांच्या वतीनं तिघांची माफी मागत हिंडत होता.

तेव्हा हे असं कुठं सुचलं? तेव्हा तिघंही भडकलो. आक्का ओरडली, "पाच वर्सं आमाला फसवलासा?" अण्णा म्हणाला, "आमी काय तुमचं राजा आणि सायेब हाय व्हय?" आप्पा खिरीचं पातेलं घेऊन उभे होते.

आणि गंमत बघा, त्यांच्यावर ओरडता ओरडता आम्ही तिघं एका बाजूला झालो. आक्काचा आवाज मधेच फुटला. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "सत्या, तुला आईचं त्वांड दाखवाय पायजे होतं गं. मीच न्या म्हटलं." अण्णा म्हणाला, "मी ऐकाय नको होतं." तिघं गळ्यात पडून रडलो. हे खरं होतं, कुणी सांगून केलेलं नव्हतं.

रडून झाल्यावर मी आप्पांकडं वळले आणि म्हणाले, "आप्पा, आता तुमी मधी पडू नका. आमचं आमी बघतो."

जीभ झडली नाही माझी. आप्पा म्हणाले, "बरं." आणि खीर वाढायला वाकले. माझ्या पानात दोनदा वाढली. म्हातारपण, असं मला वाटलं.

त्यानंतर आप्पांच्या खेपा बंद झाल्या. काम नसताना कुणाच्या दारात जाणं त्यांना माहीतच नव्हतं. आणि आमचं तिघांचं चांगलं चाललं! आक्का निपाणीला यायची, मी शहापूरला जायचे, अण्णाच्या सोप्यात रात्रभर गप्पा. खासबाग तिथनं हाकेच्या अंतरावर. 'आप्पांना भेटून येऊ या की,' असं कुणीतरी म्हणायचं. 'जाताना जाऊ,' असं दुसरं. जाताना मोटारीची वेळ झालेली असायची. अण्णा चार दिवसांआड गल्लीतनं जाताना हाक मारायचा, "आप्पा, बरं हाय न्हवं?" आतनं आवाज यायचा, "उत्तम." तो पुढं निघून जायचा. आप्पांची गंमत करायची झाली तर आम्ही म्हणायचो, आप्पा सांगतात त्यातलं चार आण्यांचं खरं धरावं.

सत्तेचाळीस साल लागलं. पौषात मला कार्ड आलं. आप्पांचं ते कचेरीतलं, ओळ न मोडणारं अक्षर. 'माझी प्रकृती उत्तम आहे. थंडीत प्रवासाची तसदी घेऊ नये.' घरात लग्नकार्य होतं, कार्ड वाचून मला सुटल्यासारखं झालं. मी ते फळीवर ठेवलं आणि कामाला लागले.

आठव्या दिवशी तार आली.

सकाळी मालुबाईनं दार ठोठावलं, उघडलं नाही, तिनं अण्णाला बोलावलं. अण्णानं या वेळी आम्हा दोघींची वाट बघितली. मी पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता, आणि आप्पा सोप्यात होते. मला तोंड दिसलं. गालफडं आत गेलेली, हातांच्या काड्या. हा माणूस आठ दिवसांत असा झालेला नव्हता.

मी मालुबाईवर धावून गेले. "शेजारी ऱ्हातीस, एवढा माणूस झिजला, एक निरोप धाडाय येत न्हवता तुला?"

ती बाई आधीच रडून सुजली होती. म्हणाली, "सत्याक्का, पंधरा दिस झालं मी मागं लागलेय. नागोजीला तरी हाक मारते म्हटलं. तर आप्पा माझा हात धरून म्हणालं, त्येला बोलवू नकोस. त्यो आधी आला की पोरी म्हणतील, आमाला का न्हाय सांगितलं. एकीला गाडी मिळंल, एकीला न्हाय. एकाला मी बोलताना घावंन, दुसऱ्याला न्हाय घावणार. लई कष्टानं एक झाल्यात गं ती. माझ्या मरणानं परत फुटाय नकोत. तिघांना सारखंच कळू दे, सगळं झाल्यावर."

मी आप्पांच्या उशाशी जाऊन बसले. आक्कानं कनवटीतनं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. कार्ड होतं. 'माझी प्रकृती उत्तम आहे.' अण्णानं भिंतीला डोकं टेकलं होतं. म्हणाला, "मला बी आलतं. हितनं हितं, टपालानं. मी हसलो."

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही, तेराव्याला नाही आणि पुढंही कधी नाही. कोण कुणाला काय बोलणार? पाच वर्षं तळमळून सांगितलेल्या त्यांच्या निरोपांना आम्ही खोटं ठरवलं, आणि हे एक खोटं तिघांनीही, आपापल्या घरी बसून, खुशाल खरं मानलं.