बाबी गावड्यांची डावी कूस

राजवाडे मॅडम नसत्या, तर मी आज देगलूरला वडिलांच्या सायकल दुकानात पंक्चर काढत बसलो असतो. हे मी नम्रता म्हणून लिहीत नाही... खरंच तसं झालं असतं. डॉ. सुमेधा राजवाडे या लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, आणि त्याहून जास्त संशोधक. एम.डी.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीत केस मांडताना मी अडखळलो. सगळे हसले. त्या म्हणाल्या, "तू मराठीत सांग रे. पेशंटला काय होतंय ते तुला कळलंय, इंग्रजी मी करून घेते." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, शिकायचं ते यांच्याच हाताखाली.

हे आधी सांगतो, कारण मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अंगात येणाऱ्या बाया लहानपणी गल्लीत पाहिल्या, तेव्हाही मला भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटायचं. मॅडमकडे तर रिपोर्ट हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी सवयच लागली. या सदरातले अनुभवसुद्धा मी वाचतो ते मनातल्या मनात कारणं शोधत. पण या एका प्रसंगाचं कारण मला सापडलेलं नाही.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता, त्यानंतरची ही गोष्ट. मुलुंड पश्चिमेला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं – नाव देत नाही. दुसऱ्या मजल्यावर मुलांचा किडनी वॉर्ड. मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून पत्र्याची एक बैठी खोली, ती आमची लॅब. पालकांची किडनी मुलांना बसवायला मॅडमनी नुकतीच सुरुवात केली होती. आईबापांचीच किडनी असून मुलाचं शरीर ती का नाकारतं, हा त्यांचा संशोधनाचा विषय.

किडनी बंद पडलेल्या मुलाला पाणी मोजून द्यावं लागतं. बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून. त्यामुळे वॉर्डात कोणी, अगदी सर्जननेही, मुलांसमोर पाणी किंवा चहा प्यायचा नाही, हा मॅडमचा नियम. मी एकदा बाहेर घोटभर पिऊन आत शिरलो, तर वैजू गावडे म्हणाली, "काका, पाणी पिऊन आलात ना? मिशीला आहे." मी खिशातून रुमाल काढला. ती म्हणाली, "पुसू नका, राहू दे."

वैजू चौथीत होती. भांडुपच्या टेकडीवर घर, मूळचे मालवणकडचे, मुलीला चेडू म्हणणारे. वडील बाबी गावडे संपापर्यंत गिरणीत होते, आता एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. तिच्या आईचा रक्तगट जुळेना, वडिलांचा जुळला. बाबी आनंदाने सगळ्या वॉर्डला सांगत सुटले, "बघलास? चेडू बापाशीवर गेला, ह्या आता सरकारी कागदार इला!"

त्यांची डावी किडनी काढून वैजूला बसवली. किडनी लगेच चालू झाली, टेबलावरच तिला लघवी झाली. मॅडम चष्मा काढून कोपऱ्यात गेल्या आणि बराच वेळ पुसत बसल्या. चार दिवसांनी वैजूला हवं तितकं पाणी पिण्याची परवानगी मिळाली. ती तांब्याने प्यायली. बाप शेजारच्या खाटेवरून ओरडला, "गो बाय, नळ लावलंस की काय पोटाक? मुंबयचा पाणी संपवतलंस!"

तीन-चार महिने छान गेले. मग एका बुधवारी ओपीडीत वैजूला तपासून झालं आणि बाबी शर्ट वर करून म्हणाले, "डॉक्टरानू, हयसर दुखता." डावी कूस. मी व्रण दाबून पाहिला. "भायर नाय हो. भितर."

"आत काही नाहीच, गावडे. तिथली किडनी आम्ही काढली ना?"

"ताच तर इचारतंय. नाय ता दुखता कसा?"

ऑपरेशनमध्ये शिरा दुखावतात, असं सांगून मी वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच आठवड्यात वैजूला ताप आला, लघवी कमी झाली. शरीर किडनी नाकारत होतं. सलाईनमधून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले, ती सावरली. बाबींचं दुखणंही थांबलं. मी दोन्हींचा संबंध जोडला नाही. कोण जोडेल?

पुन्हा तसंच झालं. आधी बापाची कूस, मग मुलीचा रिपोर्ट. या वेळी मी आमचा सर्जन पाध्ये याला सांगितलं. पाध्ये माझा बॅचमेट.

"तू त्याला दर वेळी विचारतोस ना, दुखतंय का म्हणून? मग दुखणारच की रे," तो हसला. "बापाचा जीव टांगणीला लागलेला असतो. उद्या माझी कूस दुखली तर कुणाचा रिपोर्ट काढशील?"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "मला पटत नाही," त्या म्हणाल्या, "पण तो दुखतंय म्हणाला की मुलीचं रक्त त्याच दिवशी घे. आपलं काय जातंय?"

त्यानंतर त्या वर्षभरासाठी इंग्लंडला गेल्या. तिकडे एक नवीन औषध आलं होतं, ते मुलांमध्ये वापरायचं शिकून त्या येणार होत्या. वॉर्ड माझ्यावर सोपवला. विमानतळावर मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. माझ्याकडे जेवढी औषधं आहेत तेवढीच तुझ्याकडे आहेत."

आणि बाबींचं तिसरं दुखणं आलं. ते कूस धरूनच ओपीडीत शिरले, विनोद नाही, काही नाही. मी वैजूचं रक्त घेतलं. सगळं नॉर्मल! दुसऱ्या दिवशी नॉर्मल, तिसऱ्या दिवशी थोडं वाढलेलं. मी लगेच इंजेक्शनं सुरू केली. याहून लवकर कोणीच सुरू करू शकलं नसतं... पण या वेळी काही केल्या आवरलं नाही. आमच्याकडे त्यापुढे औषधच नव्हतं. मॅडमना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "तू केलंस त्यापेक्षा मीही वेगळं काही केलं नसतं." कळतंय सगळ्यांच्या आधी, आणि हातात काही नाही. असं कळणं कुणाला नको.

ती किडनी काढावी लागली. मॅडमच्या अभ्यासासाठी अशा किडन्या आम्ही कुजू नयेत म्हणून बरणीत, झोंबऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवत असू. तीही लॅबच्या फळीवर गेली. वैजू पोटात नळी घालून करायच्या डायलिसिसवर परत आली, पाणी पुन्हा मोजून. खोलीत मी एकटा असलो की ती म्हणायची, "काका, तुम्ही प्या पाणी. मी तिकडे बघते." आणि खरंच भिंतीकडे तोंड करायची. मी कधी प्यायलो नाही. दुसरी किडनी द्यायला घरात कोणी नव्हतं.

बाबी आता दुखतं म्हणत नव्हते. म्हणाले, "गार लागता. आणि चुरचुरता, घायेर रॉकेल पडल्यासारखा." फॉर्मॅलिन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बरणीबद्दल तर त्यांना कोणी बोललंच नव्हतं. तरी मी स्वतःला म्हटलं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून मॅडमनी शिकवलं होतं तेच केलं, पडताळून पाहिलं. एका सकाळी ती बरणी फळीवरून उचलून लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवली. कोणालाही सांगितलं नाही, पाध्येलाही नाही. मे महिना होता, मुलुंडला पत्रे तापून कडकड वाजत होते. त्या बुधवारी बाबी गावडे आले ते बायकोची लोकरीची शाल कमरेला घट्ट बांधून.

"ही काय फॅशन, गावडे?"

"हसा तुमी. सोमवारपासून हयसर बरफ ठेवल्यासारखा झालाहा. कॅन्टीनात सगळे चिडवतत, बाबी बाळंत झालो म्हणून."

बरणी मी सोमवारीच हलवली होती.

त्याच दुपारी ती परत फळीवर ठेवली. पुढच्या खेपेला शाल नव्हती. "बरफ गेलो," ते म्हणाले, "पण ऊब नाय. मेल्यासारखा गार." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "डॉक्टरानू, एक इचारू? माझी ती किडनी तुमी खय ठेवलात?"

खोटं बोलायला जमलं नाही. त्यांना लॅबमध्ये नेलं आणि दाखवलं. ते बरणीजवळ वाकून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता भडकतील. ते म्हणाले, "म्हणजे मी दोनकडे ड्युटी करतंय. कॅन्टीनात आणि हयसर!" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तर नष्ट करतो. तर म्हणाले, "कित्याक? दुसऱ्या कोणाच्या चेडवाक उपयोग होयत तर होऊंदे. माका जरा गार लागात, तेचा काय."

जूनमध्ये वैजूच्या पोटात इन्फेक्शन झालं. डायलिसिसच्या मुलांना ते होतं, आणि त्या काळात बरीच मुलं आम्ही तसंच गमावली. आम्ही अँटिबायोटिक बदलून पाहिलं, पाध्येने पोट धुऊन पाहिलं. एका दुपारी, आई केस विंचरत असतानाच, ती गेली. आईचा हात तरी थोडा वेळ फणी फिरवत होता.

बाबी रडले नाहीत. वॉर्डबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज अगदी हळू. "डॉक्टरानू, ता बरणीतला तिच्याबरोबर माका देशात? मी तिका दिलेला, ता तिचाच."

मॅडमना विचारायला ट्रंक कॉल लावला तो लागला नाही. किडनी मॅडमच्या अभ्यासातली, देण्याचा अधिकार मला नव्हता. पण मी अडलो तो त्यामुळे नाही. फ्रिजमधला गारवा ज्याला भांडुपला कळला होता, त्याला चितेवर काय कळेल? मी शेवटी बोललो, "गावडे... तुम्हाला भाजेल हो."

ते म्हणाले, "भाजांदे. चेडू एकटा कधी खय गेलाला नाय. थोडी वाट तरी बरोबर जायन."

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला. शिरांचं दुखणं, मनाचे खेळ, योगायोग, सगळं वाचून काढलं. नंतर अनेक वर्षं याच कामात काढली. किडनी दिलेल्या शेकडो आईबापांना विचारलं; असं पुन्हा कोणी सांगितलं नाही. फ्रिजच्या सोमवारचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढचं मी आता आठवून लिहिलं तर त्यात माझी भर पडेल. तेव्हा मॅडमना इंग्लंडला पाठवलेल्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे आहे, तोच देतो.

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

वैजू गावडे काल गेली. पोटातलं इन्फेक्शन आवरलं नाही. वापरलेली औषधं वेगळ्या कागदावर लिहून पाठवत आहे. काही सुटलं असेल तर मला जरूर कळवा.

दुसरं असं की, तिची काढलेली किडनी आता आपल्या संग्रहात नाही. ती मी तुम्हाला न विचारता वडिलांच्या हवाली केली. तुमचा अभ्यास एका नमुन्याने कमी झाला, याची मला जाणीव आहे. पाध्येचा यात काही संबंध नाही.

मी भांडुपच्या स्मशानात गेलो होतो. किडनी त्यांनी पांढऱ्या फडक्यात बांधून तिच्या उशाशी ठेवली. बाबी गावड्यांनी अग्नी दिला आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले, डावी कूस हाताने धरून. मॅडम, मी चितेकडे पाहिलं नाही. सबंध वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते ओरडले तर दुखणं थांबवायला म्हणून मी पेथिडीनचं इंजेक्शन भरून खिशात नेलं होतं.

जाळ वर चढला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा दंड धरला. दुखतंय का, असं विचारलं. ते नाही म्हणाले. बराच वेळ तसेच उभे होते. मग मला म्हणाले, "ऊब इली."

नंतर त्यांनी कुशीवरचा हात काढला.

वॉर्डात तीन मुलं आहेत. तिघांची तब्येत बरी आहे. उद्या सकाळचा राउंड मी वेळेवर घेईन.

तुमचा आज्ञाधारक