पंचनामा मिस्त्रीची सातवी गाडी

माझ्या दादाकडे पाहून कोणी विनाकारण हसलं, की तो आधी स्वतःचा खिसा चाचपतो. ताकच काय, साधं पाणीही फुंकून पिणारा माणूस. गॅरेजांच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे 'पंचनामा मिस्त्री' म्हणतात. जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्याला सोबत नेतात, आणि तो गाडीची अशी काही उलटतपासणी घेतो की विकणाराच शेवटी हात जोडतो, नको रे बाबा, माझी गाडी माझ्यापाशी राहू दे.

एरवी मला याची गंमत वाटायची. पण यंदा गाडी मलाच घ्यायची होती, आणि गंमत माझ्याच अंगाशी आली.

माझी छोटी रोपवाटिका आहे. भाड्याचा टेम्पोवाला सकाळी सातला येतो म्हणून सांगतो आणि बाराला उगवतो. तोवर रोपांनी माना टाकलेल्या असतात. दोन चांगली गिऱ्हाइकं मी अशीच घालवली. आता एका मोठ्या बागेचं काम मिळालं होतं, येत्या सोमवारपासून रोज सकाळी रोपं पोचवायची होती. नवी गाडी झेपणारी नव्हती. जुना पिकअप बघायचा, दादाच्या हातून नीट करून घ्यायचा, एवढाच मार्ग. दादानं सहा पाहिले आणि सहाही नापास केले. त्यातला एक तर विकणाऱ्यानं दोनदा चहा विचारला म्हणून. "एवढा आग्रह कशाला करतोय?" म्हणे.

सातवा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांचा होता. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी चालवणं सोडलं होतं. भंगारवाला दुपारी चारला गाडी ओढून न्यायला येणार होता. त्याआधी कुणी चालवायला नेत असेल तर बरं, असा निरोप त्यांनीच मला पाठवला होता.

"तुलाच का पाठवला?" वाटेत दादानं विचारलं.

"मी गाडी शोधतेय हे आता आख्ख्या गावाला माहीत आहे. सहा ठिकाणी तू भांडून आलायस."

"तरी पण. कुठेतरी पाणी मुरतंय."

काकांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. आत हिरवा पिकअप उभा होता, रंग उडालेला, पण चाकांत हवा भरलेली. दादा शेडच्या दारातच थबकला. चांगली दोन मिनिटं नुसता गाडीकडे बघत राहिला. मग काकांकडे. काकांनी मान हलवली, "या मिस्त्री," एवढंच म्हणाले. मला वाटलं, झालं, दारातच नापास.

पण तो आत गेला आणि नेहमीप्रमाणे आधी बॉनेटवर तळहात टेकवला. ही त्याची पहिली परीक्षा. गाडी थंड असताना नीट चालू होत नसेल, तर लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आत ती तापवून ठेवतात. बॉनेट गार होतं.

"तिसरा सिलिंडर जरा सुस्त आहे," काका स्टुलावर बसत म्हणाले. "आणि दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबावं लागतं. आधीच सांगून ठेवतो."

दादानं मला बाजूला ओढलं. "ऐकलंस? जो लहान दोष स्वतः सांगतो, तो मोठा लपवतो."

"आणि जो काहीच सांगत नाही तो?"

"तो तर लपवतोच."

आता अशा माणसापुढं कुणी काय बोलावं? मी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

त्यानं तेलाची पट्टी ओढून तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. आवाज दाबायला कुणी जाड तेल घातलंय का, ते त्याला तसं कळतं. तेल जुनं होतं, पण ठीक. तेलाच्या टोपणाखाली पांढरा साय धरल्यासारखा थर नव्हता, म्हणजे पाणी तेलात उतरत नव्हतं. मग चारही प्लग काढून त्यानं एकेका सिलिंडरचा दाब मोजला. बाकीचे तीन सारखे, तिसरा कमी. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला तर काटा वर चढला. "रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्ह ठीक आहेत," तो पुटपुटला, आणि ही चांगली बातमी त्यानं अशा तोंडानं सांगितली की जणू कुणी त्याला फसवलं होतं.

इंजिन चालू केलं. निळसर धूर थोडा वेळ आला, मग विरळ झाला. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून त्यानं क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं. म्हणजे क्लच पकडतोय. दुसरा गिअर खरोखरच क्षणभर थांबून पडत होता. काका जे जे म्हणाले होते ते ते तसंच निघत होतं, आणि दादाचा चेहरा मात्र प्रत्येक खऱ्या गोष्टीगणिक काळवंडत होता.

अडीचला तो गाडीखाली शिरला. इंजिनाचं बळ मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा त्यानं हातानं पिळून बघितला, सांध्यात ढिलाई नव्हती. बाहेर यायला हवं होतं. आलाच नाही. नुसता पडून होता, मागच्या चाकांच्या मधोमध असतो ना लोखंडी गोळा, त्याच्याकडे बघत. त्या गोळ्यात मोठ्या दात्यांची चाकं असतात, मिस्त्री लोक त्याला मागची पेटी म्हणतात.

"मागची पेटी उघडतो," तो खालूनच म्हणाला.

"दादा, चारला भंगारवाला येणार आहे!"

"उघडल्याशिवाय ही गाडी तू घ्यायची नाहीस. माझी शपथ आहे."

मला संताप आला. स्वतःच्या बहिणीचं काम बुडतंय आणि हा नाकानं कांदे सोलतोय. मी काकांची माफी मागितली. काका म्हणाले, "उघडू दे त्यांना. त्यांच्या मनाचं समाधान व्हायला हवं."

दादानं खाली तसराळं ठेवून तेल सोडलं, झाकण काढलं. आत बॅटरीचा उजेड पाडला. दाते स्वच्छ, अखंड, चमकणारे. त्यानं बोट घालून कोपरा न् कोपरा चाचपला. मग सोडलेलं सगळं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उजेडात नेऊन निरखलं. त्यावर काही नव्हतं. त्यानं ते उलटं करून पुन्हा निरखलं. गाडी चांगली निघाली म्हणून एवढा घाबरलेला मिस्त्री मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय केलंय काका यात?" तो जवळजवळ ओरडला. "खरं सांगा. काय घातलंय?"

काका शांतपणे म्हणाले, "भुसा शोधताय ना, मिस्त्री? तो मी बावीस वर्षांपूर्वीच काढला."

मला काही कळेना. "कसला भुसा?"

दादानं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. घासलेल्या दात्यांची घरघर बंद करायची असली तर पेटीत लाकडाचा बारीक भुसा घालतात. महिनाभर आवाज दबतो. मग एक दिवस दाते तुटतात. तेव्हा ही गाडी निळी होती. दादा चोवीस वर्षांचा होता, नुकतीच स्वतःची शेड टाकलेली, आणि ही त्यानं विकलेली पहिली गाडी. "मीच घातला होता," तो म्हणाला. "रंग बदलला तरी दारात पाय ठेवला तेव्हाच ओळखली मी. वाटलं, आता हे तोच भुसा तुझ्या गळ्यात मारतायत."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आणि उघडल्याशिवाय राहवलं नाही, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एरवी मी त्याला याच्यावरून आठवडाभर छळलं असतं. त्या वेळी मला नुसती त्याची लाज वाटली, आणि लगेच कीवही आली.

"दाते तुटले ते चढावर," काका म्हणाले. "भरली गाडी. सामान उतरवून डोक्यावरून न्यावं लागलं. पुढं पेटीतली दात्यांची सगळी चाकं नवी बसवून घेतली. तेव्हापासून एकदाही दगा दिला नाही तिनं."

"मग तेव्हाच का नाही येऊन बोललात?" दादानं विचारलं.

"आलो होतो की. तुमच्या दारात. आतून नऊ-दहा वर्षांची मुलगी आली. म्हणाली, दादा परगावी गेलाय, कधी येईल माहीत नाही. बोलताना पायाचा अंगठा जमिनीवर घासत होती. मी अजून विचारलं असतं तर तिला अजून खोटं बोलावं लागलं असतं. म्हटलं, जाऊ दे. पोरीला कशाला त्यात ओढा?"

काकांचा चेहरा मला आठवत नव्हता. पण दाराआड उभा राहून ओठांवर बोट ठेवणारा दादा आठवला. मी किती सफाईनं बोलले म्हणून त्यानं नंतर माझी पाठ थोपटली होती, आणि मला केवढा अभिमान वाटला होता, तेही आठवलं. इतकी वर्षं मी दादाच्या संशयाची सगळ्यांपुढं नक्कल करून हसत आले होते.

दादा जमिनीवरच बसला होता, तेलकट हात गुडघ्यांवर टाकून. "काका, मी चुकलो," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नव्हतं.

काकांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळले. "मिस्त्रींचा निकाल काय तो विचारून घ्या. मग ठरवा."

"गाडी चांगली आहे," दादा म्हणाला. "तिसऱ्याच्या रिंगा बदलायच्या. दुसऱ्या गिअरचं बघावं लागेल. रविवारपर्यंत तयार करतो." पुढं 'पण' आला नाही. मी वाट बघितली, तरी आला नाही.

काकांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती मुठीत धरली, पण पाय निघेना.

"काका," मी म्हणाले, "तेव्हा दादा घरातच होता."

"ठाऊक आहे, बाळ," ते म्हणाले. "मला तेव्हा नीट दिसायचं."