शेळी माझी होती

कॉलेजच्या सुट्टीत नगरहून आष्टीकडे येताना निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर एक म्हातारा माझ्या बैलगाडीत चढला आणि त्याने माझं डोकं उठवलं. त्याची शेळी चोरून खाणारा माणूस आज सीना नदीत बाप्तिस्मा घेणार होता, आणि हा तो बाप्तिस्मा थांबवायला निघाला होता. दर वाक्याला तो माझ्या गुडघ्यावर चापट मारी.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला वाटलं, समजावलं की समजेल. "बाबा, तुम्हीही ख्रिस्तीच. देवाची दया पापी माणसासाठीच असते ना?"

"असंल की! देवानं माफ करावं. पण शेळी माझी व्हती, देवाची न्हाई."

"म्हणून त्याच्या आत्म्याचं तारण अडवणार?"

"आधी मला इचारा म्हणावं!"

गाडी सीनेवर पोचली तेव्हा चर्चचे पाळक त्या माणसाला घेऊन नदीत उभे होते. म्हातारा ओरडत थेट पाण्यात शिरला. तेवढ्यात त्या माणसाचा पाय शेवाळावरून घसरला आणि तो गटांगळ्या खाऊ लागला. म्हाताऱ्याने त्याला बखोटीला धरून वर ओढलं.

"नीट हुबा ऱ्हा, चोरा! पाळकबुवा, उरका लवकर, ह्यो लई जड हाय."

बाप्तिस्मा होईपर्यंत त्याने हात सोडला नाही. मग स्वतःच्या पटक्याने त्या माणसाचं डोकं खसाखसा पुसलं, शिव्या देतच.

गाडीत तो ओलाच येऊन बसला आणि शेळी कशी होती ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. या वेळी मी त्याला दयेबद्दल काही सांगितलं नाही.