पाखरांची बोळवण

अक्का खोटं बोलायच्या तेव्हा त्यांचा चेहरा देवघरातल्या समईसारखा शांत असायचा. खरं बोलताना मात्र त्यांना हटकून हसू फुटे. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर मैंदर्गीचं. भवानी पेठेतल्या सुताच्या व्यापाऱ्याच्या घरात मी सून म्हणून आले, त्या दिवशीच त्यांनी मला 'तंगी' करून टाकलं. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

माझ्या हातची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करपली की त्या मामंजींना सांगत, "आमच्या मैंदर्गीत अशीच खरपूस करत्यात की." मामंजी, म्हणजे आमचे सासरे, मुकाट्यानं जेवत. आम्हा दोघींच्या निम्म्या चुका मैंदर्गीच्या नावावर खपून जात.

होळी झाली की एक दिवस सीनेकाठच्या बागेत जायचं, हा अक्कांचा हट्ट. हिवाळ्यात आलेली बदकं तेव्हा परतीच्या तयारीत असायची. त्या काळी आम्हा सुनांना मोकळेपणानं घराबाहेर पडायला वर्षातून तेवढाच दिवस मिळे. बैलांच्या दमणीतून उतरलं की शिदोरी माझ्या हातात देऊन अक्का थेट पाण्याकडे निघत. चक्रवाकांच्या केशरी जोड्या बघताना त्यांना जेवणाची शुद्ध नसे. "ती बघ, आपल्या आत्याबाई! सगळ्यांस्नी चोच मारून पुढं बसत्यात," म्हणून दाखवत, आणि मला त्या आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, लगेच ओळखू येत.

एका वर्षी मामंजींबरोबर साहेबी टोपीतला, व्यापारातला एक पाहुणा आला आणि त्यानं दमणीतून बंदूक काढली. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मामंजींचा चेहरा उतरला, पण पाहुण्याला नको म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. पाहुणा काठाशी गुडघा टेकून बसला. अक्कांनी माझा हात धरला होता. पुरुषांच्या मध्ये सुनेनं बोलायची सोय नव्हती. मामंजी रागावले असते तर बागेतला तो दिवसही कायमचा गेला असता.

अक्का उठल्या. शिदोरीतला दहीभात घेऊन सरळ बंदुकीपुढून पाण्याशी गेल्या.

"थांबा की, पाव्हणं! बोळवण ऱ्हायलीया. लेकी निघाल्या, दहीभात दिल्याबिगर कसं सोडायचं? आमच्या मैंदर्गीचा लई जुना रिवाज हाय."

चेहरा समईसारखा. त्यांनी दहीभात काठावर ठेवला. मग ज्यांच्या डोक्यावरचा पदर मामंजींपुढे कधी रेसभर ढळला नव्हता, त्या अक्कांनी तो इरकली पदर काढून दोन्ही हातांनी फडकवला आणि ओरडल्या, "होगि बर्री! होगि बर्री!" जाऊन या, जाऊन या! सगळा थवा एकदम उठला आणि नदीपलीकडे दिसेनासा झाला. पाहुण्यानं बंदूक बाजूला ठेवली, बूट काढले आणि भाविकपणे हात जोडले. मी भीतीनं गारठले होते, तरी अक्कांचा असा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

परतताना पाहुणा वाटेतच उतरला. मग मामंजी म्हणाले, "सूनबाई, मैंदर्गी म्याबी बघितलीया. असला रिवाज तितं न्हाय."

अक्का मान खाली घालून बसल्या.

"पन आता सुरू केलाय, तर दरसाल पाळावा लागंल. व्हय का न्हाय?"

"व्हय," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना फस्सकन हसू फुटलं.

ती बोळवण आमच्या घरात अजून होते. कुळाचारच झालाय तो. अक्का मात्र पुढे लवकरच परगावी गेल्या. थोरल्या भाऊजींनी हुबळीला दुकान घातलं. अक्कांची तब्येत तेव्हाच तोळामासा झाली होती, पण बोलून दाखवतील तर त्या अक्का कसल्या! स्टेशनवर मी त्यांच्या हातात दहीभाताचा डबा दिला. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मला राहवलं नाही.

"अक्का, हिवाळ्यात याल न्हवं?"

"येते की, तंगी. पाखरांच्या आदी येते."

आता हसू फुटेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा समईसारखा शांत होता.