घोरणं थांबलं ती दुपार

रविवारची दुपार आहे. जेवण झालंय आणि मी दिवाणावर आडवी झालेय. डोळे मिटलेत, पण पंख्याचा आवाज अजून येतोय. बाहेरच्या खोलीत पप्पा पेपर वाचताहेत. पान उलटल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ येत नाही. माझा एक हात झोपलाय. दुसऱ्याला अजून पत्ता नाही.

मी तेजल. वय तेवीस, वजन एकशे एकतीस किलो. विट्यात एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका तयार करते. मंगळवारी कोल्हापूरच्या डॉक्टरांना सांगायचंय, ऑपरेशन करून घ्यायचं की नाही. त्यांनी कागदावर जठर काढून दाखवलं होतं, भाकरीच्या पिशवीसारखं. मग मधून एक रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला केळ्याएवढी नळी राहणार, बाकीचं जाणार. पप्पा म्हणतात, "धडधाकट पोटाला सुरी कशाला? सकाळी उठून चालायला जा." आई म्हणते, "लग्नाआधी उरकलेलं बरं." मी अजून काहीच म्हटलेलं नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो. दिवाण पायाच्या बाजूला कलतो आणि मी थोडीशी तिकडे घरंगळते. एवढा कलायला माझ्याएवढंच वजन लागतं.

"सरक की जरा," कुंदाआत्या म्हणते.

मी सरकते. कुंदाआत्या पप्पांची थोरली बहीण. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. हे स्वप्न आहे ते मला कळतंय, पण त्यानं काही फरक पडत नाही. तिनं ड्युटीवरची साडी नेसलीय, पदर खांद्याशी पिनेनं घट्ट लावलाय. दंड माझेच आहेत. मानेवरची वळीही माझीच. घरात कुणीही आलं की म्हणतं, पोरगी आत्यावर गेलीय. म्हणताना आधी माझ्याकडे बघतात, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि मग चहाकडे.

"जेवलीस का?" मी विचारते.

"आता कुठलं जेवण," ती म्हणते. "चल, माझी वेळ झाली."

आम्ही एसटी स्टँडवरच्या तिच्या केबिनमध्ये आहोत. तिथं जाण्याचा रस्ता मला आठवत नाही. आत्या पंधरा वर्षं इथं बसून गाड्यांची घोषणा करायची. अख्ख्या तालुक्याला तिचा आवाज ठाऊक होता, चेहरा फार थोड्यांना. ती घरी "आलीस व्हय" म्हणायची आणि माईकवर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." दोन्ही तिचेच आवाज होते, पण माईकवरचा सडपातळ होता.

काचेबाहेर फलाट दिसतात. फलाटांवर बाकं आहेत आणि बाकांवर माणसं फायली मांडीवर घेऊन बसलीत. प्रत्येक फायलीवर वजन लिहिलंय. ही कोल्हापूरच्या दवाखान्यातली बाकं आहेत, मी त्यांच्यावर बसलेय. हात असलेल्या, अंग अडकणाऱ्या खुर्च्या तिथं नाहीत. ते बघून पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. कुणीतरी विचार केला होता म्हणून.

आत्या तिच्या लाकडी स्टुलावर बसते. मला दुसरं स्टूल देते.

"खुर्ची नाही?" मी विचारते.

"मोडली ती. नवी फिरती आली होती, दुसऱ्या दिवशी मोडली. ड्रायव्हर-कंडक्टर आठवडाभर हसत होते. मग घरनं हे आणलं. हे नाही मोडायचं."

"तू सांगितलं नाहीस कधी."

"काय सांगायचं? खुर्ची मोडली म्हणून?"

ती माईकचं बटण दाबते आणि सोडते, काही न बोलता. बाहेरची माणसं माना वर करून वाट बघतात.

"भिकवडीचा एक माणूस यायचा," ती म्हणते. "गुरुवारी. बाजारचा दिवस. सगळ्या गाड्या जाऊ द्यायचा आणि ऐकत बसायचा. कंडक्टर लोक मला चिडवायचे. एके दिवशी तो दारात आला. चांगली इस्त्री केलेला शर्ट. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं बघितलं. म्हणाला, बाई कुठं आहेत?"

"मग?"

"म्हटलं, चहाला गेल्यात."

मी तिच्याकडे बघते. ती काचेबाहेर बघतेय. चेहऱ्यावर काही नाही.

"थांबला का तो?"

"थांबला की. अर्धा तास थांबला. तेवढा वेळ मी घोषणा केली नाही. दोन गाड्या तशाच गेल्या. साहेबांनी मेमो दिला."

बाकावरची एक बाई उठते आणि काचेला नाक लावते. ती माझ्याच वयाची आहे. ती विचारते, "माझा नंबर कधी?" आत्या हातानं थांब म्हणते. बाई परत जाऊन बसते, पण आता ती आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलीय, पाय खाली सोडून. मग ती बाई नाही, मीच आहे, आडवी. पाठीला ओट्याचा गार दगड लागतो. वर दवाखान्यातला मोठा दिवा आहे. आत्या शेगडीपाशी उभी आहे आणि दूध उतू जाऊ नये म्हणून बघतेय.

"कुठनं कापणार?" ती विचारते.

"पाच छोटी भोकं पाडतात. आतनं कापतात."

"आणि उरलेलं?"

"काढून टाकतात."

"कुठं टाकतात?"

"विचारलं नाही मी."

"विचारायचं की. तेवीस वर्षं सांभाळलंस."

मला हसू येतं. हसल्यावर पोट हलतं, दिवाही हलतो. ती गॅस बंद करते.

"दुखतं का?"

"दोन-चार दिवस, म्हणाले. मग महिनाभर पातळ. जन्मभर गोळ्या. एका वेळी चार घास. सणावाराला पण चारच. काही लोकांचं वजन पुन्हा वाढतं. आणि क्वचित एखादा..."

"मरतो."

"हो."

"आणि नाही केलं तर?"

मी ओट्यावरून खाली बघते. फरशी फार लांब आहे. "झोपेत माझा श्वास अडतो. दवाखान्यात रात्रभर तारा लावून मोजला. तासाला चाळीस वेळा अडतो. साखर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, आता वय लहान आहे, अजून दहा वर्षांनी शरीर एवढं ऐकायचं नाही."

"मला न्यायला किती जण लागले?" आत्या विचारते. दुधाकडेच बघत.

"आठ."

"दमले?"

"कोपऱ्यावर खांदा बदलला. तेव्हा कुणीतरी हसलं. पप्पांनी ऐकलं."

"कोण होतं?"

"ते सांगत नाहीत."

"सांगायचा नाही तो," ती म्हणते, आणि पदरानं हात पुसते. "लहानपणी पण असाच. मार खायचा, पण नाव नाही सांगायचा."

ती हात पुसते तोवर स्वयंपाकघर संपलंय. मे महिना आहे. हीच खोली, हाच दिवाण. पडदा ओढलेला. दिवाणावर आत्या भिंतीकडे तोंड करून झोपलीय, सकाळची ड्युटी करून आलीय. खाली चटईवर चौदा वर्षांची मी पालथी पडून पुस्तक वाचतेय. दारात आत्या आणि मी उभ्या आहोत आणि दोघींकडे बघतोय.

आत्या घोरतेय. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं तिचं घोरणं. शेजारची पोरं नक्कल करायची. चटईवरची मी पुस्तकातून डोकं वर काढते, वैतागून उसासा टाकते, कानात बोट घालून पुन्हा वाचायला लागते.

"बघू नको," मी आत्याला म्हणते.

"का? मी तर झोपलेली होते. मला बघायलाच मिळालं नाही."

दिवाणावरचं घोरणं चढत जातं, मध्येच अडतं. थोडा वेळ काहीच नाही. मग एक मोठा आचका, आणि पुन्हा सुरू. पुन्हा अडतं. आणि मग सुरू होत नाही.

चटईवरची मी कानातलं बोट काढते. ऐकते. पान उलटते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पप्पांना नाही. नऊ वर्षं.

"मला वाटलं, बरं झालं एकदाचं," मी म्हणते. "मी चाळीस पानं वाचली, आत्या. आई चहा घेऊन आली तोपर्यंत चाळीस पानं. गोष्ट पण चांगली होती."

आत्या बराच वेळ दिवाणाकडे बघते, स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीकडे बघायची तसं.

"शांत वाटलं असेल," ती म्हणते.

"हो."

"मग बरोबर आहे. घोरणं थांबल्यावर शांतच वाटतं. त्यात कुणाला काय कळणार? मला स्वतःला कळलं नाही."

"मी उठवलं असतं तर?"

"उठवलं असतंस तर मी ओरडले असते तुझ्यावर, झोपमोड केलीस म्हणून. मग परत झोपले असते. मग उद्या. नाहीतर परवा." ती माझ्याकडे वळते. "ते तुझ्या हातात नव्हतं, तेजू."

मला रडू यायला हवं, पण स्वप्नात ते येत नाही.

"मग सांग ना," मी म्हणते. "करू का मी?"

"मला विचारतेस?"

"तुलाच विचारणार. दुसरं कोण आहे असं?"

"मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. भ्याले असते मी. घरात सांगितलं असतं, आहे ते बरं आहे, देवानं दिलंय. स्टूल घेऊन बसले असते." ती दिवाणाकडे मान हलवते. "आणि तिथंच गेले असते. यावरनं काय ते तू ठरव. मी हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही."

"मला माझं शरीर एवढं वाईट वाटत नाही, आत्या. लोक बोलतात ते वाईट वाटतं. आणि मी बारीक झाले तर तुझ्यासारखं दिसणारं कुणीच राहणार नाही."

आत्या हसते. पहिल्यांदा. तिचे खांदे, दंड, पोट सगळं हसतं, जसं माझं हसतं.

"अगं, माझ्यासारखं दिसायला मी तुला कामाला नाही ठेवलेलं," ती म्हणते.

दिवाणावर आता कुणी नाही. मग कुणीतरी आहे. भिंतीकडे तोंड करून झोपलेलं, माझाच पंजाबी ड्रेस घातलेलं. घोरणं येत नाही. चटईवर कुणी नाही, पुस्तकही नाही. मी बघत राहते. मला काळजी वाटत नाही, नुसतं शांत वाटतंय.

"आत्या," मी म्हणते, "ती श्वास घेत नाहीये."

"नाही घेत."

"किती वेळ झाला?"

आत्या माझं मनगट धरते. तिचा हात गार नाही, कोमटही नाही, नुसता घट्ट आहे. ती दाबते. दुखतं. मी म्हणते, सोड. ती अजून दाबते आणि तिच्या माईकच्या आवाजात, सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं, म्हणते, "ऊठ."

मी तोंड उघडून, पाण्यातून वर आल्यासारखी उठते. छातीत हवा घुसताना जो आवाज होतो तो खोलीभर होतो. पंखा फिरतोय. पडद्याच्या फटीतून ऊन फरशीवर आलंय. मी दोन्ही पाय खाली सोडून बसते आणि नुसती श्वास घेत राहते. आता रडू येतं, अगदी सरळ, आवाज न करता.

पप्पा दारात उभे आहेत. हातात पेपर तसाच. ते धावत आलेत, त्यांची एक चप्पल मागेच राहिलीय.

"काय झालं?"

"काही नाही. श्वास अडकला होता."

ते आत येतात, पण बसत नाहीत. मी डोळे पुसायला उजवा हात वर करते तेव्हा ते म्हणतात, "हे काय?"

मनगटावर लाल खुणा आहेत. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. रुंद बोटं. मी डावा हात बघते. तो मघापासून अंगाखाली होता, अजून मुंग्या येताहेत, बोटं मिटताही येत नाहीत.

"पप्पा, मी ऑपरेशन करून घेणार आहे," मी म्हणते. "मंगळवारी तुम्ही पण चला. तुम्हाला काय विचारायचंय ते डॉक्टरांनाच विचारा."

ते पेपरची घडी घालतात. मी अजून सांगते, कारण आता थांबले तर पुन्हा नऊ वर्षं जातील.

"आत्या गेली तेव्हा मी इथंच होते. घोरणं थांबलं ते मी ऐकलं होतं. मला बरं वाटलं होतं."

पप्पा दिवाणावर टेकतात. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणतात, "मी बाहेरच्या खोलीत होतो. मी पण ऐकलं." मग पेपर बाजूला ठेवत, "मी म्हटलं, चला, आता जरा पडावं. आणि झोपलो."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल जाते. पप्पा माझा हात आपल्या मांडीवर घेतात, उताणा करतात आणि त्या खुणांकडे बघत बसतात. मग एकेका खुणेवर आपलं एकेक बोट ठेवून बघतात. बोटं बसतात. पण खुणांपेक्षा थोडी लहान पडतात.